रिकामी फेरी

विक्रोळी पार्कसाइटला चढावरच्या एका इमारतीत दोन सख्खे भाऊ राहतात. दोघांचाही धंदा माल वाहण्याचा. थोरल्याकडे डिझेलवरचा छोटा हत्ती, धाकट्याकडे विजेवरची तीनचाकी. त्यांची नावं सांगत नाही. गोष्टीला त्यांची गरज नाही, आणि नाक्यावरही त्यांना ‘हत्तीवाला’ आणि ‘बॅटरीवाला’ याच नावांनी ओळखतात.

थोरला धंद्यात जुना. दुसऱ्याच्या टेंपोवर क्लीनर म्हणून लागला, मग ड्रायव्हर झाला, मग हप्त्यांवर स्वतःची गाडी घेतली आणि हप्ते फेडूनही झाले. एलबीएस मार्गाच्या आजूबाजूच्या गाळ्यांतून माल उचलायचा आणि भिवंडीच्या गोदामात नेऊन टाकायचा, हे त्याचं काम. प्लास्टिकचे सुटे भाग, कपाटांचे कडी-कोयंडे, पुठ्ठ्याची खोकी, जे मिळेल ते. धाकटा आधी त्याच्याच गाडीवर होता. एक दिवस त्यानं कर्ज काढलं आणि इलेक्ट्रिक गाडी दारात आणून उभी केली. हिरवी नंबरप्लेट, तिच्यावर पिवळी अक्षरं. वहिनीनं ओवाळलं, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कांजूरमार्गच्या एका गोदामातून घरपोच पार्सलं पोचवायला लागला.

भांडण सुरू झालं ते धुरावरून. पावसाळ्यात सकाळी छोटा हत्ती सुरू करायचा म्हणजे पहिली दोन मिनिटं अंगणात काळं व्हायचं. धाकट्याच्या मुलाला खोकला. एकदा जेवताना तो म्हणाला, “दादा, तुझ्या गाडीनं पोराला उसंत नाही. आता तरी ती मोडीत काढ आणि विजेवरची घे. सगळं जग तिकडं चाललंय.”

थोरल्यानं भात कालवता कालवता उत्तर दिलं, “तुझी गाडी धूर सोडत नाही असं तुला कोणी सांगितलं? सोडते की. फक्त चंद्रपूरला सोडते.”

दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडण मिटेना. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर होते आणि चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, तिथल्या माणसांनाही फुप्फुसं आहेत. पण थोरल्याचं खरं अर्धंच होतं. विजेची मोटर तेवढ्याच कामाला इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा खाते, आणि पोरगं खोकत होतं ते विक्रोळीत, चंद्रपुरात नव्हे. मला विचाराल तर या फेरीत धाकट्याचं पारडं थोडं जड होतं. पण मला कोणी विचारलं नाही. विचारलं ते आबांना.

आबा म्हणजे दोघांचे वडील. उभी हयात डबेवाल्यांत गेली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचं काम सुरू केलं, तेव्हापासून या धंद्यात मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडचीच माणसं जास्त. आबाही मुळशी खोऱ्यातले. विक्रोळीतले डबे गोळा करून लोकलच्या लगेजच्या डब्यातून व्हीटीकडं नेण्याची त्यांची लाइन होती. शेवटची काही वर्षं ते मुकादम होते. करोनात डबे बसले, नंतर पूर्वीइतके पुन्हा कधी झाले नाहीत, आणि आबा घरी बसले. शाळा चौथीपर्यंत. पण खुणा वाचण्यात आणि वेळ पाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“कोणाची गाडी साफ, ते तुम्हीच सांगा,” दोघंही म्हणाले.

आबांनी दोघांना एकेक वही आणून दिली. “आठ दिवस लिहा. गाडी जिथनं सुटेल आणि जिथं पोचेल, दर वेळी एक गोल काढायचा. भरून गेली तर गोल भरायचा. अर्धी गेली तर अर्धा भरायचा. रिकामी गेली तर पोकळ ठेवायचा. डिझेल किती जळलं, वीज किती लागली, ते मला सांगू नका.”

“मग साफ कोण ते कळणार कसं?” धाकट्यानं विचारलं.

“लिही तर खरं.”

आबा नुसते वह्या देऊन बसणारे नव्हते. एका मंगळवारी ते थोरल्याच्या शेजारी केबिनमध्ये चढले. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं ठाणं, माजिवड्याची नेहमीची रांग, मग कशेळीवरून भिवंडी. हौदा भरलेला होता, वर ताडपत्री आवळलेली होती, गाडी जड चालीनं नीट चालली होती. गोदामात माल उतरायला अर्धा तास लागला. त्यानंतर खरा दिवस सुरू झाला. थोरल्यानं ब्रोकरला फोन लावला. “थांब, बघतो,” ब्रोकर म्हणाला. चहा झाला. पुन्हा फोन. “पंधरा मिनिटं दे.” जेवण झालं. शेजारी आणखी सात-आठ गाड्या तशाच उभ्या, सगळ्यांचे ड्रायव्हर सावलीत बसून फोनकडं बघत. दोन तासांनी थोरला उठला, फाळका लावला आणि म्हणाला, “चला आबा, आज काही रिटर्न भाडं मिळत नाही.” परतीच्या वाटेवर रिकाम्या हौद्यात जॅक आणि दोरखंड इकडून तिकडं आदळत होते. विक्रोळी येईपर्यंत बापलेक त्या आवाजामुळं नीट बोलूही शकले नाहीत.

आबांनी वाटेत आणखी एक गोष्ट टिपली. जाताना माजिवड्याच्या रांगेत पुढं एक टेंपो होता, तो पार्कसाइटचाच. थोरल्याच्या गिऱ्हाइकाच्या शेजारच्या गाळ्याचा माल त्यात होता. त्याच गोदामाकडं निघालेला, आणि अर्धा रिकामा. आबा काही बोलले नाहीत.

धाकट्याच्या गाडीत बसता येत नव्हतं, तिथं ड्रायव्हरपुरतीच जागा. म्हणून आबा एलबीएस मार्गावर नव्या पुलाच्या तोंडाशी, टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसले. विक्रोळीचा हा रेल्वेवरचा पूल १४ जून २०२५ ला वाहतुकीला खुला झाला. त्याआधी गाडीला पश्चिमेकडून पूर्वेला जायचं तर घाटकोपरला तरी वळसा, नाहीतर कांजूरमार्गकडून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानं तरी. लोकांनी किती वर्षं वाट पाहिली त्या पुलाची! आता एलबीएसवरून थेट हायवेकडं उतरता येतं.

धाकटा दिवसभरात पुलावरून इतक्या वेळा गेला-आला की टपरीवाल्यानंही विचारलं, “आबा, तुमचा पोरगा पुलाचं उद्घाटन करतोय की काय रोज?” दोनदा आबांनी हात करून गाडी थांबवली आणि मागचं दार उघडायला लावलं. पहिल्यांदा आत बुटांचं एक खोकं, एक कुकर आणि कसलीशी गुंडाळी होती. दुसऱ्यांदा एकच पार्सल, कन्नमवार नगरला जायचं, ‘आजच पाहिजे’ असा शिक्का असलेलं. चार कप्प्यांचा डबा पाठवावा आणि त्यात मुळ्याची एक फोड असावी, तसं ते दिसत होतं.

“पूल नव्हता तेव्हा काय करायचास?” आबांनी विचारलं.

“तेव्हा वळसा लांबचा पडायचा. गोदामवाले चार-पाच तासांचा माल साठवून एकदम द्यायचे. आता काय, पाच मिनिटांत पलीकडे. पार्सल आलं की सोड गाडी.”

आबांनी दार लावलं.

त्याच संध्याकाळी घरी गंमत झाली. धाकट्या सुनेनं फोनवरून कोथिंबीर मागवली. दहा-पंधरा मिनिटांत एक मुलगा विजेच्या स्कूटरवरून चढ चढून आला, एक जुडी देऊन गेला. आबा म्हणाले, “सूनबाई, एवढ्यासाठी पोराला वर चढवलंस?” ती हसून म्हणाली, “आबा, बॅटरीवरच आला होता की. धूर कुठाय?”

रविवारी निकाल होता. आबांनी दोन्ही वह्या सतरंजीवर उघडून ठेवल्या. थोरल्याची पानं बघितली तर एक गोल भरलेला, एक पोकळ, एक भरलेला, एक पोकळ, आठवडाभर असंच. कधीमधी अर्धा. धाकट्याची वही आणखी फिकी. सकाळचा पहिला गोल भरलेला, त्यानंतर अर्धे, पाव, पोकळ. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हे मात्र मान्य करायला हवं.

“दोघंही हरलात,” आबा म्हणाले. “हा अर्धा वेळ हवा नेतो, तो दुपारनंतर हवाच नेतो. एकाची हवा डिझेलवर जाते, एकाची विजेवर.”

धाकटा चिडला. त्याची अपेक्षा वेगळी होती. तो म्हणाला, “आबा, राग मानू नका. पण तुमचा डबाही संध्याकाळी रिकामाच परत यायचा ना? त्या हिशेबानं तुमचे निम्मे गोल पोकळच की!”

घरात क्षणभर शांतता झाली, कारण मुद्दा बिनतोड होता.

आबांनी चष्मा पुसला. “डबा रिकामा यायचा, बरोबर. नाही आला तर उद्या भाजी कशात घालणार? पण डब्यासाठी म्हणून गाडी कधी निघाली नाही. लोकल जाणारच होती, तिच्यात आमचा क्रेट चढायचा. क्रेटमध्ये चाळीसेक डबे. चाळीस घरांचं, चाळीस हापिसांचं. माझ्या एकट्याचा एक डबा घेऊन मी व्हीटीला गेलो असतो, तर मला मुकादमानं जोड्यानं मारलं असतं. आणि घरून डबा नऊला तयार नसला तर आम्ही थांबत नव्हतो. बाई ओरडायची, पण दुसऱ्या दिवशी डबा पावणेनऊला दारात असायचा.”

“ते पायी आणि लोकलनं होतं आबा. माझी गाडी विजेवर आहे. रिकामी गेली तरी बिघडलं काय?”

यावर आबा जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

“मुळशीचं धरण बघितलंयस ना? टाटांनी ते बांधायला घेतलं तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. माणसं बांधावर आडवी झाली, तुरुंगात गेली. धरण झालंच. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं बुडाली. तुझ्या खापरपणज्याची भातखाचरं त्या पाण्याखाली आहेत. ते पाणी खाली भिऱ्याला सोडतात, वीज होते, ती मुंबईला येते. आमची माणसं पण मग मुंबईलाच आली, डबे उचलायला. वीज वाईट असं मी कधी म्हटलं नाही. डिझेलपेक्षा चांगलीच. पण ती फुकट येते असं माझ्यासमोर म्हणू नकोस. कोणाचा तरी कोळसा जळतो, कोणाचं तरी शेत बुडतं. तेवढं करून आलेली वीज तू एका कुकरासाठी पुलावरून फिरवतोस.”

धाकटा गप्प झाला. थोरला मात्र आता उसळला होता. “आबा, बोलायला सोपं आहे. रिकामी फेरी मी हौसेनं मारतो काय? भिवंडीत दोन तास उन्हात बसून ब्रोकरच्या हातापाया पडतो. माल असतो, गाडी असते, दोघांची गाठ पडत नाही. माझ्या इंजिनाचा त्यात काय दोष?”

“दोष इंजिनाचा नाहीच,” आबा म्हणाले. “मुलुंडचा जकात नाका आठव.”

थोरल्याला आठवलं. कोणत्याही जुन्या टेंपोवाल्याला आठवेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्याआधी मुलुंड नाक्यावर गाड्यांची रांग लागायची, कागद तपासायचे, पावती फाडायची, इंजिनं चालू ठेवून लोक पुढं सरकत राहायचे. कधी कधी सगळी सकाळ तिथंच जायची. आणि एका रात्रीत ती रांग संपली. कोणी गाडी बदलली नव्हती, कोणी इंजिन बदललं नव्हतं. “तेव्हा जेवढं डिझेल वाचलं,” थोरला हळू आवाजात म्हणाला, “तेवढं मी गाडी ट्यून करून कधी वाचवलं नाही.”

“मग?” आबा म्हणाले, आणि उठून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी आबा टोपी घालून गाळ्यांवर निघाले. आधी थोरल्याच्या गिऱ्हाइकाकडं, मग शेजारच्या गाळ्यात. “तुमचा माल त्याच गोदामाला जातो, यांचाही तिथंच जातो. एकाच दिवशी दोन गाड्या कशाला? भाडं अर्धं अर्धं करा.” दोघांनी चहा पाजला आणि दोघांनीही नकार दिला. पहिला म्हणाला, “त्याच्या मालाबरोबर माझा माल? माझं गिऱ्हाईक कोण, कोणता माल किती जातो, सगळं त्याला कळेल.” दुसऱ्यानं जवळजवळ हेच सांगितलं, फक्त दोन शिव्या जास्त. तिसऱ्याला तर दिवस ठरवणंच पटेना: “गिऱ्हाईक आज म्हणाला तर आज पाठवायचं. शुक्रवारपर्यंत कोण थांबतो?”

माल वाहणाऱ्यांच्या सभा-परिषदांत गाडी कशावर चालावी यावर पुष्कळ बोललं जातं. हायड्रोजन, बॅटरी, जैवइंधन, सगळं. पण रस्त्यावरच्या रिकाम्या हौद्यांचं मूळ बरेचदा या दोन गोष्टींत असतं, एक घाई आणि दुसरा शेजाऱ्याचा संशय, आणि यावर अजून कुणी इंजिन काढलेलं नाही. आबा दोन दिवस उदास होते.

त्यांना वाट सापडली ती थोरल्याच्या मेव्हण्यामुळं. तो गोव्याकडं ट्रक चालवतो. मुंबईत माल उतरवून एका रात्रीसाठी मुक्कामाला आला आणि बसल्या बसल्या सांगू लागला, की मुंबई-गोवा रस्त्याचं काम संपता संपत नाही, म्हणून त्याचा मालक हल्ली रो-रोनं गाडी पाठवतो. कोकण रेल्वेनं ही सोय १९९९ पासून चालवली आहे. कोलाडला ट्रक सपाट वाघिणीवर चढवायचा, चाकांना अडण्या लावायच्या, साखळ्यांनी बांधायचं, इंजिन बंद. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून राहतो आणि गाडी त्याला वेर्ण्याला उतरवते. “घाट नाही, खड्डे नाहीत, डिझेल नाही. मी झोपतो,” मेव्हणा म्हणाला.

आबा ताठ बसले. “म्हणजे तुझा ट्रकच डबा झाला! आणि ती गाडी म्हणजे आमची लोकल.”

“तसंच समजा.”

“आणि शेजारच्या ट्रकात काय आहे ते तुला कळतं?”

“कसं कळणार? ताडपत्री असते. आणि कळून करायचंय काय मला?”

सरकारी कागदांत या सगळ्याला भारदस्त नावं आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं. देशातल्या मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचं राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात ठरलं आहे. जेएनपीटी बंदरापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत १,५०६ किलोमीटरचा खास मालगाड्यांचा मार्ग आखला आहे, त्यावर विजेच्या इंजिनामागं कंटेनरवर कंटेनर चढवून न्यायचे. मोठी कामं आहेत, व्हायलाच हवीत. विक्रोळीवरून जाणारा बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाला, तोही नुसत्या प्रवाशांसाठी नव्हता. तो बांधणाऱ्या कंपनीची नजर दख्खनच्या आणि वऱ्हाडच्या कापसावर होती. आबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या डोक्यात त्या रात्री एकच गोष्ट फिरत होती. डब्यावर नाव नसतं.

मुंबईत इतकी वर्षं डबे फिरले, पण कोणाच्या डब्यावर मालकाचं नाव, हुद्दा, कंपनी लिहिलेली नसते. झाकणावर रंगात काही अक्षरं, काही आकडे. कुठल्या स्टेशनवरून उचलला, कुठं उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला. त्यामुळं एका क्रेटमध्ये साहेबाचा डबा आणि त्याच्याच हाताखालच्या कारकुनाचा डबा खांद्याला खांदा लावून जातात आणि कोणाचं काही बिघडत नाही. आबा आयुष्यभर या खुणा वाचत आले होते, त्यांचा हा उपयोग त्यांना सत्तरी उलटल्यावर कळला.

ते पुन्हा गाळ्यांवर गेले, या वेळी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. “खोकी बंद करून द्या. नाव टाकू नका. मी खूण टाकतो. तुमची खूण तुम्हाला आणि मला ठाऊक, गोदामात उतरवून घेणाऱ्याला ठाऊक. शेजाऱ्याला लाल त्रिकोण दिसेल, त्याचं तो काय लोणचं घालणार?” पहिल्या गाळेवाल्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, “एक महिना बघू. भाडं निम्मं म्हणालात ना?” दुसरा भाड्याच्या आकड्यावरच राजी झाला. तिसरा आजही राजी नाही, तो अजून आपला वेगळा टेंपो बोलावतो. घाईचं औषध आबांकडंही नव्हतं. त्यांनी फक्त वार ठरवले आणि वेळ ठरवली. पहिल्या शुक्रवारी एका गाळ्याची चार खोकी पंधरा मिनिटं उशिरा आली. थोरला थांबणार होता. आबांनी त्याला गाडी काढायला लावली. गाळेवाला खूप बोलला. पुढच्या मंगळवारी त्याची खोकी आदल्या रात्रीच येऊन पडली होती.

परतीचं काम अवघड गेलं, तिथं दोन महिने मोडले. शेवटी टागोर नगर आणि कन्नमवार नगरमधली काही किराणा आणि स्टेशनरीची दुकानं तयार झाली. त्यांचा माल भिवंडीच्याच घाऊक गोदामांतून यायचा, प्रत्येकाचा वेगळ्या टेंपोनं, वेगळ्या दिवशी. आता तो थोरल्याच्या परतीच्या गाडीत भरून येतो, पार्कसाइटच्या खाली एका गाळ्याच्या ओट्यावर उतरतो, आणि तिथून धाकटा आपल्या तीनचाकीत लावून पुलावरून पूर्वेला नेतो. अर्धा टन माल, पुलावरून दोन फेऱ्या, रात्री गाडी चार्जिंगला. पार्सलचं काम त्यानं सोडलेलं नाही, फक्त सकाळची भरलेली फेरी ठेवली आणि दुपारच्या ‘आजच पाहिजे’ला नाही म्हणायला शिकला. त्यामुळं सुरुवातीला त्याचे पैसे कमी झाले. हप्ता भरताना एकदा थोरल्यानं हात दिला. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण असं काही करायला निघालेल्या माणसाचे पहिले तीन-चार महिने असेच जातात आणि तिथंच बहुतेक जण सोडून देतात.

अंगणातला धूर अजून आहे, पण रोज नाही; भिवंडीची फेरी आठवड्यातून दोनच दिवस असते. बाकीच्या दिवशी थोरला जवळची भाडी मारतो किंवा गाडी उभी ठेवतो, आणि तरी महिन्याचं पहिल्याइतकं सुटतं. आता त्याला आपली गाडी कोणत्या दिवशी, किती माल घेऊन, किती किलोमीटर चालणार हे आधी कळतं. त्यामुळं विजेची चारचाकी घेतली तर एका चार्जिंगमध्ये भागेल का, हा हिशेब त्याला पहिल्यांदा करता आला. भागतं. छोटा हत्ती आता थकला आहे, आणि पुढची गाडी बॅटरीची घ्यायची असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, धाकट्यानं न सांगता. धाकट्या सुनेनं कोथिंबिरीचं काय केलं ते विचारू नका. घरातल्या सगळ्याच गोष्टी आबांच्या वहीत येत नाहीत.

पार्कसाइट, सूर्यानगर किंवा हरियाली गावच्या कोणा गाळेवाल्याला माल पाठवायचा असेल तर गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला नाक्यावरून सुटते. खोकी आदल्या रात्री आठपर्यंत आणून द्यायची, बंद करून, नाव न घालता. उशीर झाला तर गाडी थांबत नाही.